खांद्यावरचा सोबती

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. धरण सरकारी आहे, १९७० सालचे आहे आणि आसपासच्या धानाच्या बांध्या त्याच्या पाण्यावर पिकतात. पण नावात मात्र डोह आहे. डोह म्हणजे भर उन्हाळ्यातही पाणी न आटणारी, तळ न दिसणारी जागा. मराठी मुलखाने अशी जागा कधी निर्जन ठेवली नाही, तिथे पाण्यातल्या देवता, आसरा, वस्तीला आणल्या. याच तालुक्यात नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि लोक सांगतात की या बहिणी कोलू पाटलाला बांध घालू लागल्या. पुढे कोलू पाटील स्वतःच कोलासुर देव झाला. म्हणजे तलाव बांधण्यासारख्या घामाच्या, चिखलाच्या, हिशेबाच्या कामाची आठवण लोकांनी ठेवली तीसुद्धा दिसत नसलेल्या सोबत्यांसकट. हे भाबडेपण म्हणून सोडून देण्याजोगे नाही. एकट्या माणसाला न झेपणारे काम समोर आले की त्याच्या शेजारी कुणीतरी अदृश्य उभे करायचे, ही आपल्याकडची सांगण्याची जुनी रीत आहे. ही रीत बांध घालणाऱ्यापुरती राहिली नाही. खून, कपट आणि न्याय यांच्या गोष्टींतही ती आली, आणि माझ्या मते तिथेच तिने सर्वांत मोलाचे काम केले.

हा विषय आज काढायला एक निमित्त आहे. २०१२ साली अमेरिकेत इमेज कॉमिक्सने ग्रँट मॉरिसन यांनी लिहिलेली आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी चितारलेली ‘हॅपी!’ ही चार अंकांची चित्रकथा काढायला सुरुवात केली. तिचा नायक निक सॅक्स हा पोलिसातून बाहेर पडलेला, आता सुपारी घेऊन माणसे मारणारा. नाताळचे दिवस आहेत, रस्त्यावर घाण आणि रक्त आहे, आणि जखमी सॅक्सला एक छोटा निळा, पंखांचा, एकशिंगी घोडा दिसू लागतो. घोडा दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तो एका पळवून नेलेल्या लहान मुलीचा कल्पनेतला मित्र आहे आणि तिला सोडवायला चल, म्हणून तो या मारेकऱ्याच्या मागे लागतो. गुन्हेगारीची राकट कथा आणि लहान मुलाच्या स्वप्नातले पात्र एका चौकटीत आणले, याचे वाचकांना मोठे अप्रूप वाटले. चित्रकथा चांगलीच आहे. पण ही जोडी नवी आहे आणि आपल्याकडच्या चित्रकारांनी ती तिकडून शिकावी, असे कुणी म्हटले तर ते मला मान्य नाही. उपसलेली तलवार, मध्यरात्र, मसण, खांद्यावर प्रेत, पुढे दबा धरून बसलेला खुनी, आणि कानाशी बोलणारा एक आवाज, हे सगळे मराठी वाचकाच्या घरात फार पूर्वीपासून आहे. आपण त्याला वेताळ पंचविशी म्हणतो. ती गुन्ह्याची कथा आहे, हे मात्र आपण विसरलो.

कथेची चौकट नीट पाहिली तर हे पटते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती सांगितली आहे. त्यातला राजा उज्जैनचा नाही. गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचे नगर आहे, म्हणजे आपले पैठण, आणि तिथला राजा त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो. राजा ते बाजूच्या कोषाध्यक्षाच्या हाती देतो आणि कोषाध्यक्ष भांडारात टाकून देतो. दहा वर्षे हे चालते. एके दिवशी दरबारात शिरलेले माकड ते फळ फोडते आणि आतून रत्न पडते. भांडारात जाऊन पाहावे तर फळे कुजून गेलेली, रत्नांचा ढीग पडलेला. तेव्हा कुठे राजा विचारतो, हे कशासाठी? भिक्षू सांगतो, मंत्रसाधनेला एका वीराची मदत हवी आहे. येत्या कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणात या आणि शिंशपेच्या झाडाला लटकलेले प्रेत उतरवून आणा. राजा जातो. खरे तर भिक्षूला त्याच राजाचा बळी द्यायचा आहे. मारेकरी, सावज, दहा वर्षे टाकलेले आमिष आणि ठरलेली रात्र, असा हा पूर्वतयारीने रचलेला खुनाचा कट आहे. कटातली एकच गोष्ट मारेकऱ्याच्या हिशेबाबाहेरची निघते. प्रेतात वेताळ आहे आणि वेताळ बोलतो.

तो काय बोलतो, हे पाहण्यासाठी पहिलीच गोष्ट जवळून घेऊ. वाराणसीचा राजपुत्र वज्रमुकुट पद्मावती नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. ती कलिंगातल्या एका हस्तिदंताच्या कारागिराची मुलगी. प्रधानाचा मुलगा बुद्धिशरीर तिच्या खाणाखुणांचा अर्थ लावून दोघांची गाठ घालून देतो. या सगळ्यामागे कुणाची तरी अक्कल आहे, हे कळल्यावर पद्मावती त्या मित्रासाठी विष घातलेले पक्वान्न पाठवते. तो ते कुत्र्यापुढे टाकतो आणि कुत्रा जागच्या जागी मरतो. मग बुद्धिशरीर उलटा डाव टाकतो. त्याच्या सांगण्यावरून राजपुत्र तिला मद्य पाजून झोपवतो, तिच्या मांडीवर तापलेल्या त्रिशुळाचा डाग देतो आणि दागिने घेऊन येतो. त्याच सुमारास तिथल्या कर्णोत्पल राजाचे मूल दगावलेले असते. बुद्धिशरीर तपस्व्याच्या वेषात बसतो आणि शिष्य बनलेल्या राजपुत्राला तो हार बाजारात विकायला पाठवतो. हार पकडला गेला की तपस्वी सांगतो, रात्री मसणात जोगिणी जमल्या होत्या, त्यांतल्या एकीच्या मांडीवर मी त्रिशूळ मारला, तिच्या गळ्यातला हा हार. मांडीवर डाग सापडतो. राजा मान्य करतो की हिनेच आपले मूल खाल्ले, आणि तिला विवस्त्र करून नगराबाहेर हाकलून देतो. बाहेर दोघे घोडे घेऊन तयारच असतात. ते तिला घेऊन जातात. इकडे तिचा बाप मुलीच्या शोकाने मरतो आणि आई त्याच्यामागे जाते. खोटा पुरावा, वेषांतर, चोरीचा माल बाजारात मुद्दाम दाखवणे, चेटकिणीचा आळ आणि दोन निरपराध मृत्यू. यापेक्षा राकट गुन्हेकथा कुठल्या चौकटीत मावणार?

आता वेताळाचा प्रश्न. या दोन मृत्यूंचे पाप कुणाला? माहीत असून सांगितले नाहीस तर डोक्याची शकले होतील, ही धमकी सोबत आहेच. राजा उत्तर देतो ते ऐकण्यासारखे आहे. बुद्धिशरीराने धन्याचे काम केले, राजपुत्र आणि पद्मावती प्रेमाने आंधळे झाले होते. दोष कर्णोत्पलाचा, कारण तो राजा असून त्याने हेरांकरवी खरेखोटे तपासले नाही. हे उत्तर कोण देतो आहे? ज्याने दहा वर्षे समोर येणारे फळ एकदाही फोडून पाहिले नाही तो राजा. वेताळाने पहिलीच गोष्ट अशी निवडली आहे की उत्तर देणाऱ्याच्या तोंडून त्याचाच दोष बाहेर पडावा. सोमदेव हे कुठे उघड करून सांगत नाही, पण चौकट आणि पहिली गोष्ट शेजारी ठेवली की दुसरा अर्थ लागतच नाही. म्हणून मी म्हणतो की वेताळ करमणुकीला नाही. तो या कथेतला तपास अधिकारी आहे. राजा प्रेत वाहतो आहे आणि प्रेत राजाला तयार करते आहे, एकेका प्रकरणाने, शेवटच्या एका प्रकरणासाठी. शेवटच्या गोष्टीतल्या नात्यांच्या गुंत्यापुढे राजा गप्प राहतो आणि तेव्हा वेताळ खरी बातमी देतो: भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तू म्हण की मी राजा आहे, मला ते येत नाही, तूच करून दाखव. राजा तसे करतो आणि खाली वाकलेल्या भिक्षूचे डोके उडवतो. कट उलटतो तो सोबत्यामुळे.

कुणी म्हणेल, वेताळ काल्पनिक सोबती नव्हेच. कथेच्या जगात तो खरा आहे, तर अमेरिकन घोडा मुलीच्या मनातला आहे. फरक आहे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. घोडा मुलीच्या मनातून निघाला असला तरी तो दुसऱ्याच माणसाला दिसतो आणि त्याला ठाऊक नसलेली माहिती पुरवतो. म्हणजे तोही कथेच्या जगात खराच होतो. उलट मसणातल्या त्या वाटेवर वेताळाचा आवाज राजाखेरीज कुणी ऐकत नाही, आणि राजाने तोंड उघडले की वेताळ झाडाकडे परततो आणि खांदा रिकामा होतो. दोन्हीकडे कसोटी एकच आहे. हातात शस्त्र असलेला माणूस एकटा आहे, त्याला एकट्यालाच कुणीतरी दिसते, आणि ते त्याला ज्या गोष्टीकडे पाहायचे नाही तिकडे पाहायला लावते. खरे वेगळेपण दुसरीकडे आहे. घोडा निरागसतेच्या बाजूने बोलतो, मुलीला वाचव म्हणतो. वेताळ जबाबदारीच्या बाजूने बोलतो, दोष कुणाचा ते सांग म्हणतो. दुसरा सोबती अधिक कठोर आहे आणि मला तोच अधिक उपयोगाचा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ग्रंथ संस्कृत, लेखक काश्मिरी. याला मराठी कसे म्हणायचे? पण काश्मिरातल्या पंडितालासुद्धा राजा ठेवायला गोदाकाठच लागला, याला काही अर्थ आहे. सोमदेव ज्या ‘बृहत्कथे’चे सार सांगतो तिचा कर्ता गुणाढ्य. तो प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी होता, तिथून रानात गेला, पिशाचांच्या भाषेत आपल्या रक्ताने कथा लिहिली आणि राजाने ती नाकारल्यावर एकेक पान जनावरांना वाचून दाखवत अग्नीत टाकले, अशी परंपरा आहे. परंपरा म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे. छापील पुरावा मात्र पक्का आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळ पंचविशी’ १८३० साली निघाली. मराठी गद्य छापायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. त्याच छत्र्यांनी १८२८ साली मुलांसाठी ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा दिल्या होत्या. म्हणजे मराठी मुलांना कोल्हा-द्राक्षे देणाऱ्या हातानेच मसणातले प्रेतही दिले. इंग्रजीत रिचर्ड बर्टनने १८७० साली या कथा नेल्या तेव्हा वेताळाला रक्तपिपासू पिशाच्चाचे नाव दिले. रक्त पिणारा आणि प्रश्न विचारणारा हे दोन निराळे प्राणी आहेत, आणि त्या एका नावात अर्धी कथा हरवली. छत्र्यांना नाव शोधावे लागले नाही, कारण वेताळ त्यांच्या वाचकांच्या वेशीवर उभा होता.

आणि तो खरोखरच उभा आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला माणसाच्या मापाच्या नसतात. चांगल्या हातभर लांबीच्या, जाड तळव्याच्या असतात, आणि देवळात त्यांचे जोड मांडून ठेवलेले दिसतात. श्रद्धा अशी की वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याच्या चपला झिजतात. जुना जोड झिजला की नवा द्यायचा. भूतांचा राजा, पण त्याचे काम रात्रीच्या गस्तीचे. गोव्यातही आमोणे आणि लोलये इथे बेताळाची अशीच ग्रामदेवता म्हणून पूजा होते. पायांखाली रस्ता झिजवणारे हे दैवत लक्षात ठेवले की पुढची गोष्ट नीट समजते.

ली फॉकचा ‘फँटम’ अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ साली सुरू झाला. चालते-फिरते भूत ही त्याची ओळख. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स काढली, आणि पहिले बत्तीस अंक त्याच्याच कथांचे होते. फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. हिंदीतही तेच नाव असल्यामुळे ते खास मराठी संपादकाच्या डोक्यातून निघाले, असा दावा मी करणार नाही. नाव सोयीचे होते, विक्रीला बरे होते, असेही म्हणता येईल. पण बंगालीत ‘देश’ नियतकालिकाने त्याच नायकाला अरण्यदेव केले. म्हणजे वेताळ हे एकच शक्य नाव नव्हते. मराठीत ते इतके चिकटले याचे कारण वेतोबाच्या झिजलेल्या चपलांत शोधायला हवे. रात्री फिरणारा, कवटीची खूण बाळगणारा, दुष्टांना धाक असलेला राखणदार आपल्याला नवा नव्हता. इंद्रजालच्या संपादकांनी मूळ कथेतला देश डेंकाली केला, सिंग टोळीचे नाव बदलले, इतकी भारतीय वाचकाची काळजी घेतली. एक गोष्ट मात्र निसटली. हा वेताळ स्वतःच नायक झाला आणि त्याला प्रश्न विचारणारे कुणी उरले नाही. त्याच्याजवळ घोडा आहे, लांडगा आहे, पण दोघेही मुके. तो कुणालाही ठोसा मारतो आणि जबड्यावर कवटी उमटवतो. दोष खरोखर त्याच माणसाचा होता का, हे त्याच्या खांद्यावरून कुणी विचारत नाही.

ज्याच्याकडे प्रश्न शिल्लक राहिला ते मासिक म्हणजे ‘चांदोबा’. मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. के. सी. शिवशंकरन म्हणजे चित्रकार शंकर यांनी त्यासाठी काढलेले विक्रम-वेताळाचे चित्र तीन पिढ्यांच्या डोळ्यांत आहे: पुढे झेपावलेला पाय, हातात तलवार, खांद्यावरून पाठीवर लोंबणारे प्रेत, भोवती कवट्या आणि साप. मूळच्या पंचवीस कथा पुरणार नव्हत्या, म्हणून त्याच चौकटीत नव्या कथा लिहिल्या गेल्या, वर्षानुवर्षे. चित्र भयाण राहिले, प्रश्नही राहिला. गुन्हा मात्र हळूहळू धुऊन निघाला. मांडीवरचा डाग, विषारी पक्वान्न, सुळावर चढवलेला चोर यांच्या जागी राजकन्येचे स्वयंवर आणि दानशूर व्यापारी आले. ते मुलांचे मासिक होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा झाला की मराठी चित्रवाचनात दोन तुकडे पडले. एकीकडे गुन्हा आणि मारामारी, तिथे सोबती नाही. दुसरीकडे सोबती आणि प्रश्न, तिथे गुन्हा नाही. तिसरीकडे बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा होती, एक हजारावर पुस्तकांची, खुनांनी भरलेली. तिथल्या गुप्तहेर धनंजयाला छोटू आहे, पण तो हाडामांसाचा मदतनीस आहे. या तिन्ही प्रवाहांचा वाचक पुष्कळदा एकच मुलगा होता. ते एकत्र आणणारा चित्रकार मात्र निघाला नाही.

राकट आणि अद्भुत एकत्र केले तर आपला वाचक गोंधळेल, असे यावर सांगितले जाते. प्रौढांना ते पोरकट वाटेल आणि मुलांना ते घातक ठरेल, असेही. पोरकटपणाच्या आक्षेपाचे उत्तर रंगभूमीने दिले आहे. वेताळाच्याच एका गोष्टीतली शिरांची अदलाबदल टॉमस मानने १९४० साली कादंबरीत घेतली आणि पुढे गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’मध्ये रंगमंचावर आणली, त्या नाटकाला कुणी पोरकट म्हणत नाही. वाचक गोंधळेल या भीतीचे उत्तर इटियाडोहच्या परिसरातच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके होतात. धान कापून झाले की गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात, वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे, आणि परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचे तिकडे जरा लक्ष गेले. त्याआधीचे दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार तर आहेतच. एकाच रात्री, एकाच मांडवात, कुटुंबासकट बसलेला प्रेक्षक कपट आणि सूड पाहतो, रडतो, मग विनोदी पात्राला हसतो, गाणे ऐकतो आणि पुन्हा पुढच्या प्रवेशात गढून जातो. सात बहिणींनी बांध घातला असे मानणाऱ्या मुलखातला हा प्रेक्षक आहे. वास्तव कुठे संपले आणि अद्भुत कुठे सुरू झाले, याची पाटी त्याला लावून द्यावी लागत नाही. मुलांच्या काळजीचे म्हणाल तर वयाप्रमाणे वेगळी पुस्तके निघू शकतात. प्रौढांचे पुस्तकच न काढणे, हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून माझे मागणे मराठी चित्रकारांपाशी आणि प्रकाशकांपाशी आहे, आणि विशेषतः झाडीपट्टीत वाढलेल्या, रात्रीचा मांडव ज्यांच्या डोळ्यांत आहे अशा नव्या हातांपाशी. वेताळाची पहिली गोष्ट पूर्ण काढा. मेलेला कुत्रा वगळू नका, त्रिशुळाचा डाग वगळू नका, शोकाने मेलेले आईबाप एका ओळीत उरकू नका. राजा तलवारीसकट दाखवा आणि त्याच्या भांडारातली ती कुजलेली फळेही दाखवा. वेताळाला विनोदी भूत करू नका. त्याला विचारू द्या. छत्र्यांच्या ‘वेताळ पंचविशी’ला २०३० साली दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्याच्या आत हे पुस्तक निघावे.